तीन महिन्यांच्या गोळ्या

दोन रात्रींसाठी हॉटेलात जायचं होतं आणि सुनेने माझ्या बॅगेत तीन महिन्यांच्या गोळ्या भरल्या. तेव्हाच मला कळलं की हे प्रकरण सांगतात तेवढं सरळ नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. गोळ्यांच्या पट्ट्या मोजायला चौथी पुरते. रक्तदाबाच्या, साखरेच्या, गुडघ्यांच्या, सगळ्यांना रबर लावून गठ्ठे केले होते आणि ते लोकरीच्या स्वेटरखाली सरकवले होते. ऑक्टोबर चालू होता. बहरीनमध्ये ऑक्टोबरात गच्चीवर टाकलेली चादर मी चहा पिऊन वर जाईपर्यंत कडक होते. स्वेटर लागतो पुण्याला. पुण्याला माझी मुलगी राहते, आणि हॉटेलात मी जाणार होते ती तिच्याबरोबरच.

"हॉटेलात एसी फार असतो हो आई," सून म्हणाली.

"गोळ्यापण एसीलाच लागतात का?"

"असू द्या. जास्त असलेल्या बऱ्या." एवढं बोलून तिने चेन ओढली आणि बॅग दाराशी नेऊन ठेवली. माझी सून वाईट नाही. पण तिला खोटं बोलता येत नाही, आणि बोलायची वेळ आली की ती हातातली वस्तू उचलून दुसरीकडे ठेवते.

मुलीचा फोन महिनाभर आधी आला होता. ती पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत आहे. त्यांची इथे कॉन्फरन्स होती, खाली वाळवंटाकडच्या एका मोठ्या हॉटेलात. हॉटेलाला लागून वॉटर पार्क. "कॉन्फरन्स माझी, पार्क तुझ्या नातीचं, आणि तुलाही तेवढाच बदल," ती म्हणाली. नात आठ वर्षांची. शाळा बुडवून येणार होती. माझी मुलगी अशी, की स्वतःच्या लग्नालासुद्धा ऑफिसकडे अर्धीच रजा मागेल. ती कामाच्या ठिकाणी पोरीला घेऊन येते, तिची शाळा बुडवते आणि वर आईला बदल देते. मी बदल मागितला नव्हता.

मला पुण्याला न्यायचं घाटत होतं. दुसरं काय असणार?

मी बहरीनलाच, गुदैबिया भागात मुलाकडे राहते. तो अकाउंटंट आहे, सून एका दवाखान्यात बिलिंगला बसते. दोघं सकाळी जातात ते संध्याकाळी येतात. आमचे हे सित्राच्या कारखान्यात वेल्डर म्हणून आले होते, मग फोरमन झाले आणि त्यांनी माझा व्हिसा काढला. मुलं शिकायला गावी जाऊबाईंकडे राहिली. हे जाऊन बरीच वर्षं झाली. आता मी मुलाच्या व्हिसावर आहे. पण घर तेच आहे, तिसरा मजला, खाली बांगलादेशी भाजीवाला. त्याला मी मराठीत भाव विचारते, तो बंगालीत सांगतो, आणि भांडण मात्र दोघांनाही नीट कळतं. पलीकडच्या गल्लीत चिपळूणची दोन माणसं आहेत, त्यांना कधीमधी घावन देते. दिवस जातो.

पुण्याला मुलीकडे एकदा पावसाळाभर राहिले. अकरावा मजला. खाली जायला लिफ्ट, लिफ्टला कार्ड, आणि कार्ड मला दिलं नव्हतं. हरवशील, म्हणाली. मला सांभाळायला एक बाई ठेवली होती. ती दिवसभर मोबाईल बघायची आणि मी तिला चहा करून द्यायचे. तिथे पुन्हा राहायला जायचं नाही हे मी त्याच वेळी ठरवलं, आणि तसं मुलीच्या तोंडावर सांगूनही आले होते. म्हणून तर यावेळी कोणी काही विचारलं नाही. नुसती बॅग भरली.

मुलगी आणि नात आल्या, आणि मुलाने आम्हा तिघींना गाडीने हॉटेलात सोडलं. वाटेत तो फार बोलत होता. एरवी तो गाडीत एक शब्द बोलत नाही. हा नवा पूल, ती नवी वसाहत, आई ते बघ उंट. उंट मी त्याच्या आधीपासून बघत आले आहे.

हॉटेलच्या काउंटरवर एक केरळी मुलगी होती. तिने माझं रेसिडेंट कार्ड मागितलं. ते माझ्या पर्समध्ये होतं, मी काढून दिलं. तेवढ्यात मुलीने स्वतःच्या पर्समधून माझा पासपोर्ट अर्धा बाहेर काढलेला मी पाहिला. माझा पासपोर्ट माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली असतो. मी बघते आहे हे लक्षात आल्यावर तिने तो परत आत सरकवला आणि केरळी मुलीला विचारलं, नाश्ता किती वाजता असतो.

तिथे मी काही बोलले नाही. बोलले असते तर रडारड झाली असती, आणि मुलाने गाडी सुरूच ठेवली होती. तो निघून गेल्यावर माझ्या बाजूने कोण होतं? नात. ती तर लिफ्टमधल्या आरशासमोर नाचत होती.

खोली चांगली होती. फार चांगली होती. पलंगावर टॉवेलचा हंस करून ठेवला होता. हंस मोडून मी टॉवेलचा वास घेतला, चादरीचा घेतला. मुलगी म्हणाली, "आई, हे पाच तारे आहेत." मी म्हटलं, ढेकणांना तारे मोजता येत नाहीत. त्यावर ती हसली, मग माझ्याकडे बघत राहिली. तसं तिचं बघणं ती आल्यापासून मला जाणवत होतं. मी चहात साखर घालताना बघायची. मी बाथरूममधून येऊन कुठल्या बाजूला वळते ते बघायची. उकळायला ठेवलेल्या दुधाकडे बघतात तसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गळ्यात फोटोचं कार्ड अडकवलं, ऑफिसचे बूट घातले आणि आम्हाला पार्कच्या दारापर्यंत पोचवलं. दुपारच्या जेवणाआधी तिला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. पुण्याहून तेच पाठ करत आली होती. दारावर मोठा फलक होता, पाणी वाचवा असं इंग्रजीत लिहिलेला, त्यांच्या कॉन्फरन्सचा. नातीने वाचून दाखवला. त्याच्या मागे डोंगराएवढ्या नळ्यांमधून पाणी धो धो पडत होतं. सित्राला असताना हे म्हणायचे, इथलं गोडं पाणी समुद्रातून काढावं लागतं, तेलापेक्षा मेहनत त्याला आहे. तेच पाणी इथे पोरांच्या अंगावर ओतत होते. असो. ज्यांचं त्यांना.

"आई, ही तुझ्या नजरेसमोरच राहील. मोठ्या घसरगुंडीवर जाऊ देऊ नकोस. आणि काही वाटलं तर हिच्याकडे फोन आहे," मुलगी म्हणाली.

"मला काय वाटणार आहे?"

"काही नाही गं. असंच."

नातीच्या गळ्यात पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आईचा जुना फोन होता. मंगळवार असल्याने गर्दी नव्हती. एक पाट होता, गोल फिरून परत तिथेच येणारा, संथ वाहणारा. टायरसारख्या रबरी चकतीत बसायचं आणि पाणी नेईल तसं जायचं. मी काठावर एका खोट्या माडाखाली खुर्ची ओढली. माड प्लास्टिकचा होता, मी झावळी ओढून पाहिली. नात एक फेरी मारायची, माझ्यासमोर यायची, हात हलवायची, पुढे जायची.

तिसऱ्या फेरीनंतर ती बाहेर आली आणि ओल्या अंगाने शेजारी बसली.

"आजी, एक क्विझ खेळूया?"

"पाण्यात आली आहेस तर पाण्यात खेळ."

"नाही, छोटंसंच. आपण घरी कितव्या मजल्यावर राहतो? म्हणजे तू?"

"तिसऱ्या."

तिने पाठ फिरवून पिशवीवरून बोटं फिरवली. मग परत वळली.

"मामाच्या ऑफिसला सुट्टी कधी असते?"

"शुक्रवारी आणि शनिवारी. तू कोणाला लिहिते आहेस?"

"गेम आहे."

मी पोरांची आई होते, आजी नंतर झाले. आठ वर्षांच्या पोरीला मामाच्या सुट्टीशी काय करायचं? हे प्रश्न तिचे नव्हते. ते पलीकडे कॉन्फरन्समध्ये बसलेल्या बाईचे होते. आणि असे प्रश्न कोणाला विचारतात ते मला ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्याला त्याची मुलं असंच विचारायची, हा कोण, तो कोण, आज काय जेवलात. मग एके दिवशी त्याला विमानात बसवला.

म्हणजे नुसतं न्यायचं नव्हतं. मला वेड लागलं आहे असं ठरवून न्यायचं होतं.

राग आला, पण त्याहून जास्त मला खात्री करून घ्यायची होती. संशय असला की मी तो तसाच ठेवत नाही, उलटा करून बघते. नातीने पुढचा प्रश्न टाकला, "आजी, आज कुठला वार आहे?"

"शुक्रवार," मी म्हटलं.

ती थांबली. "शुअर?"

"शुक्रवारच."

बोटं फिरली. ती फोनकडे बघत बसली, मग म्हणाली, "आणि आपण आत्ता कुठे आहोत?"

समोर कृत्रिम लाटांचा तलाव होता. मी तिकडे बोट दाखवलं. "दापोलीला. समुद्र दिसत नाही का तुला?"

पोरीचा चेहरा उतरला. तिने लिहिलं की नाही ते मी बघितलं नाही, कारण मी दाराकडे बघत होते. फार थांबावं लागलं नाही. माझी मुलगी ऑफिसच्या बुटांनी ओल्या लाद्यांवरून धावत येत होती, गळ्यातलं कार्ड खांद्यावर गेलेलं, केस सुटलेले. दोनदा घसरली.

"आई. आई, बरं वाटतंय ना? मी कोण आहे?"

"मंगळवारी ऑफिसचं काम टाकून पळून आलेली बाई आहेस," मी म्हटलं. "बस खाली. पडशील."

ती बसली नाही, तशीच उभी राहिली. मग नातीकडे बघून म्हणाली, "हिने काय लिहिलंय मला?"

"मी सांगितलं ते लिहिलंय. मी मुद्दाम चुकीचं सांगितलं. तुम्ही काय करता ते मला बघायचं होतं."

मला वाटलं होतं ती ओशाळेल. ओशाळली नाही. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली, आणि मऊ आवाजात म्हणाली, "आई, सगळे असंच म्हणतात. पुण्यातल्या डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं, चुकलं की मुद्दाम केलं म्हणतील."

मी तिला पकडायला जाळं टाकलं होतं आणि त्यात माझाच पाय अडकला होता. आता काहीही बोलले तरी ते त्या डॉक्टरच्या बोलण्यात बसणार होतं. चिडले तर आजार. गप्प बसले तर आजार. मी तिला सरळ विचारलं, "मला पुण्याला न्यायचं ठरलंय ना?"

तिने नातीला पाण्यात पाठवलं. "उद्याचं तिकीट काढलंय. तीन महिने राहा, तिथे तपासण्या करू, मग बघू."

"मग बघू म्हणजे काय ते मला कळतं. माझ्या कपाटातून पासपोर्ट कोणी काढला?"

"दादाने."

"कशावरून ठरवलंत?"

तिने बोटं मोजायला सुरुवात केली. तू साखरेचा डबा फ्रिजमध्ये ठेवतेस असं वहिनी सांगते. मी म्हटलं, मुंग्या आहेत घरात, वहिनीला विचार मुंग्या कोण मारतं. तू शेजारच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार वाजवलंस. ते खरं होतं. दोन्ही बिल्डिंगा सारख्या दिसतात हेही खरं आहे, पण मी तिथे इतकी वर्षं राहते आहे.

"आणि श्रावणातल्या संकष्टीला," ती म्हणाली, "तू साडेसहाला खिडकीत उभी राहून रिकाम्या आकाशाकडे बघून पाणी सोडलंस. उजेडसुद्धा पुरता गेला नव्हता. वहिनीने विचारलं तर म्हणालीस, चंद्र उगवलाय. ती म्हणाली दिसत नाही, तर तू म्हणालीस, इथून कसा दिसेल. आणि जेवायला बसलीस. वहिनी घाबरली, आई. दादाने त्याच रात्री मला फोन केला."

म्हणजे हे होतं मूळ. मी हसले असं नाही, पण तसं काहीतरी तोंडातून निघालं.

"कॅलेंडर कुठलं आहे आमच्याकडे?" मी विचारलं.

"कुठलं म्हणजे? आपलं. दरवर्षी मीच पाठवते."

"त्यात रत्नागिरीचा चंद्रोदय दिलेला असतो. त्या दिवशी नऊचा होता. तिकडे नऊ वाजतात तेव्हा इथे किती वाजतात?"

तिने मनात वजा केलं. "साडेसहा."

"तुझ्या बाबांना सित्राची रात्रपाळी असायची. कंपनीची बस सातला यायची. इथला चंद्र वर येईपर्यंत ते कारखान्यात पोचलेले असायचे. त्यांनाही संकष्टी होती, उपाशी कसे काम करतील? त्यांनीच ठरवलं, गावी उगवला की आपला उगवला. साडेसहाला पाणी सोडायचं, जेवायचं, बस पकडायची. दिवसपाळी आली तरी तेच चालू राहिलं. ते गेले तरी तेच चालू आहे."

"पण इथे चंद्र..."

"इथे दीड तासाने येतो. मला ठाऊक नाही असं वाटलं का तुला? गणपती गावचा, कॅलेंडर गावचं, उपास गावचा. चंद्र तेवढा इथला कशाला घेऊ?"

ती माझ्याकडे बघत राहिली. यावेळी दुधाकडे बघितल्यासारखी नाही. मग तिने तोंडावर हात धरला आणि हसली. "हे तू वहिनीला का नाही सांगितलंस?"

"तिने विचारलं कुठे? एरवी ती दवाखान्यातून येईपर्यंत माझं जेवण उरकलेलं असतं, त्या दिवशी ती लवकर आली. तिने आधी बाहेर बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे हलवायला लागली."

"मला हे ठाऊकच नव्हतं."

"तुम्ही काकूकडे होतात. कसं ठाऊक असणार?"

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी स्वतःला ओळखते. अर्धवट सुटका मला नको होती. आज चंद्राचं पटलं, उद्या साखरेचं निघालं असतं. मी तिला म्हटलं, "पोरीला मधे घालून काय परीक्षा घेतेस? फोनमध्ये जे काही प्रश्न असतील ते समोर बसून विचार."

तिने विचारले. तीन शब्द सांगितले आणि लक्षात ठेव म्हणाली. पेरू, चटई, शिट्टी. मग शंभरातून सात काढ, त्यातून सात काढ. ते मी तिच्या बोटांच्या आधी केलं, सातच्या पाढ्याला मी कधी अडले नव्हते. वार, महिना, आपण कुठल्या देशात आहोत. घड्याळ काढून दाखव, कागदाच्या रुमालावर. काढलं. मग म्हणाली, "मघाचे तीन शब्द सांग."

"पेरू," मी म्हटलं. पलीकडे जीवरक्षक वाजवतच होता, त्यामुळे "शिट्टी" आलं.

"आणि?"

मला आठवेना. मी पाण्याकडे बघितलं, खोट्या माडाकडे बघितलं. काही आलं नाही. शब्द जिथे असायला हवा होता तिथे नुसती जागा होती.

मुलीने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. नेमका तेव्हाच तो वाजला. तिच्या ऑफिसचा माणूस होता, बोलायचा तिचा नंबर आला होता, सगळे थांबले होते. ती उठली, परत बसली. माझ्याकडे बघितलं, पाटाकडे बघितलं, तिथे नात चकतीत आडवी पडून चालली होती. मग तिने हाक मारली, "बाळा, बाहेर ये. माझ्याबरोबर चल, तिथे बसून राहा तासभर."

"ओल्या कपड्यांत? नो वे," नात पाण्यातून म्हणाली. "मी आजीकडे थांबते."

मुलीने माझ्याकडे बघितलं. तिला वाटत होतं, मी काहीतरी म्हणावं. मी सांभाळते, जा तू, असं काहीतरी. मी म्हटलं नाही. ठरवायचं असेल तर तिने ठरवावं. मला मागून घ्यायचं नव्हतं.

शेवटी ती उठली. मग केस बांधले आणि गेली. एकटी गेली. पण जाता जाता जीवरक्षकापाशी थांबून त्याच्याशी काहीतरी बोलली, ते मी पाहिलं. पुढचा तासभर तो मुलगा पाण्याकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. मीही त्याच्याकडे बघत होते. नात येत होती, हात हलवत होती, जात होती. मी तिच्यावरून नजर काढली नाही. पापणी लवली तरी वाटायचं, की एवढ्यात काही विसरले तर? असं मला आधी कधी होत नव्हतं. ते मुलीने माझ्या डोक्यात घालून दिलं की आधीपासून तिथे होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

एका फेरीला मी नातीला थांबवलं. "तिसरा शब्द काय होता गं?"

"कुठला?"

"जाऊ दे. फिर तू."

तिला कसा ठाऊक असणार, ती तर तेव्हा पाण्यात होती. हे मला विचारल्यावर सुचलं. तो शब्द नंतर हॉटेलात मुलीनेच सांगितला.

मुलगी परत आली तेव्हा तिचं बोलणं झालं होतं. कसं झालं विचारलं तर म्हणाली, घाईत झालं, दोन मुद्दे राहिले. "म्हणजे तूपण विसरलीस," मी म्हटलं. तिला ते आवडलं नाही.

संध्याकाळी खोलीत आमचं ठरलं. ती म्हणाली, तीनातले दोन शब्द म्हणजे काही नाही असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं, मी म्हण असं सांगितलंच नाही. ती म्हणाली, मग डॉक्टर. मी म्हटलं, डॉक्टर इथेही आहेत, सुनेचा दवाखाना आहे, तिथून मी चालत घरी येऊ शकते. तुझ्याकडे लिफ्टचं कार्डसुद्धा मिळत नाही. ती म्हणाली, "त्या कार्डाचं तू अजून धरून बसली आहेस?"

"हे माझ्या बरोबर लक्षात आहे बघ."

तेव्हा तिने पर्समधून पासपोर्ट काढून माझ्या हातात दिला. मी तो ब्लाउजमध्ये ठेवला. हॉटेलच्या तिजोरीवर माझा विश्वास नव्हता.

डॉक्टरला मी पुढच्या महिन्यात दाखवलं. सून बरोबर आली होती. डॉक्टरीणबाईंनी दोन तास काय काय करायला लावलं आणि सांगितलं, थोडं आहे, वयाच्या मानाने ठीक आहे, सहा महिन्यांनी परत या. थोडं म्हणजे किती, ते मी दोनदा विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा थोडंच सांगितलं. गॅस आता सून असतानाच पेटवते, हे मी आपणहून मान्य केलं आहे. बाकी सगळं आहे तसं आहे. संकष्टीला सून हल्ली माझ्या वेळेलाच पान वाढते, पण स्वतः इथल्या चंद्रापर्यंत थांबते. तिचं तिला.

त्याआधी, हॉटेल सोडलं त्या दिवशी, मुलीला सोडायला मात्र मी तिथूनच विमानतळावर गेले होते. मुलगा गाडी चालवत होता. वाटेत माझी बॅग घरीच उतरवा असं मी म्हटलं होतं, पण उशीर होतोय म्हणून ती डिकीत त्यांच्या बॅगांबरोबरच राहिली. मला ते पटलं नाही. गोळ्या आणि स्वेटर अजून तिच्यातच होते.

विमानतळाच्या दाराशी गाडी थांबली. सगळे उतरले. मी उतरले नाही.

"आई, उतर की. दोन मिनिटं," मुलगी म्हणाली.

"इथूनच दिसतं."

"पाया पडायचंय मला."

"खिडकीतून पड."

"खिडकीतून पाय कुठे दिसतात?"

"मग नुसता नमस्कार कर. पोचतो."

मुलगा मागून म्हणाला, "आई, ताणू नकोस. कोणी उचलून नेणार नाही तुला."

"माझं तिकीट रद्द केलंस का?" मी मुलीला विचारलं.

"केलं. कालच केलं."

"दाखव."

तिने फोन खिडकीत धरला. इंग्रजीत होतं. मी काच आणखी खाली केली आणि नातीला बोलावलं. "काय लिहिलंय वाच."

"कॅन्सल्ड," नात म्हणाली. "आजी, रेडमध्ये आहे. खरंच."

मी तरी पट्टा सोडला नाही. मागे डिकी उघडल्याचा आवाज आला, बॅगा खाली ठेवल्याचा आला. मी मान वळवून मोजल्या. त्यांच्याच होत्या. माझी आत राहिली आणि डिकी बंद झाली. मग मुलीने खिडकीतून हात आत घातला, माझ्या गुडघ्याला लावला आणि स्वतःच्या कपाळाला लावला. गुडघा दुखरा होता. पण मी तो हलवला नाही. नातीच्या डोक्यावर हात ठेवला, तो तिच्या केसांच्या क्लिपमध्ये अडकला, तो सोडवण्यात थोडा वेळ गेला. मुलीचे डोळे भरले होते. तिला वाटत असेल मी निष्ठुर आहे. वाटू दे.

काचेच्या दारातून त्या दोघी आत गेल्या. मुलगा येऊन बसला. "झालं ना तुझं समाधान? चल आता घरी."

"दार लॉक कर," मी म्हटलं.

त्याने केलं.